नव्या गेकोचे पहिले नव्वद दिवस

गेको घरी आला की पाळणाऱ्यापुढे दोन कामं एकदम उभी राहतात. पहिलं विलगीकरणाचं. हा प्राणी काही रोग घेऊन आला आहे का ते पाहायचं, आणि असेल तर तो घरातल्या बाकीच्या गेकोंपर्यंत पोचू द्यायचा नाही. दुसरं त्याला रुळू देण्याचं. नवी जागा, नवे वास, नवी ऊब अंगवळणी पडेपर्यंत त्याला सांभाळून घ्यायचं. पहिल्या कामाला मोकळा डबा, वरचेवर बदललेला कागद, वजनाची नोंद, विष्ठेचे नमुने आणि बारीक नजर लागते. दुसऱ्याला आडोसा, अंधार आणि कुणी हात लावणार नाही याची खात्री लागते. एकाला जे हवं, तेच दुसऱ्याला नको असतं.

या विषयावरचं लिखाण भरपूर आहे, पण ते कुणी लिहिलं यावर त्याचा कल ठरतो. पशुवैद्याच्या लेखात रोगाची बाजू ठळक असते. शेकडो गेको सांभाळणाऱ्या ब्रीडरचा जोर स्वच्छतेवर असतो. घरी एक-दोन गेको पाळणाऱ्या हौशी माणसाला एकच घोर लागलेला असतो, हा खायला कधी लागणार. विलगीकरण आणि रुळणं यांची दोन वेगळी प्रकरणं करून सगळे मोकळे होतात. पण डबा एकच असतो आणि त्यात बसलेला जीवही एकच. हे सगळं वाचून आणि पाहून माझं मत असं झालं आहे की रुळवणं हा विलगीकरणाचाच पहिला भाग आहे. जो गेको अजून भेदरलेला आहे त्याची भूक, त्याची विष्ठा, त्याचं वजन यांवरून काहीच धड ठरवता येत नाही. शिवाय ताणाखाली प्रतिकारशक्ती खचते आणि दबलेला रोग डोकं वर काढतो. तपासणीच्या घाईत आपणच प्राण्याला आजारी पाडायचं, असं होऊन बसतं.

इथे बोलायचं ते मुख्यतः दोन जातींबद्दल, कारण जगभरच्या घरांत त्याच सर्वाधिक आढळतात. लेपर्ड गेको, म्हणजे युब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस, हा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या कोरड्या, खडकाळ मुलखातला. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचं काम पाहणाऱ्या एडवर्ड ब्लाइथने १८५४ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. त्याला पापण्या असतात, भिंतीला चिकटणारी बोटं नसतात आणि जाड शेपटीत चरबीचा साठा असतो. क्रेस्टेड गेको न्यू कॅलेडोनिया बेटांवरचा. १८६६ मध्ये त्याची शास्त्रात नोंद झाली, पुढे तो नामशेष झाला असं धरलं गेलं आणि १९९४ मध्ये तो पुन्हा सापडला. तो झाडांवर राहणारा, ओलाव्यात आणि थंडाव्यात सुखी असणारा. त्याला पापण्या नाहीत, डोळे तो जिभेने चाटून साफ करतो, आणि त्याची शेपूट एकदा गळाली की परत येत नाही. लेपर्डची येते, पण आखूड आणि बेढब.

बाजारातले या दोन जातींचे गेको आज जवळपास सगळे पैदाशीचे असतात. टोके गेकोची गोष्ट वेगळी. आग्नेय आशियातून हे मोठे, निळसर-राखी गेको वर्षानुवर्षं रानातून पकडून विकले गेले. २०१९ मध्ये वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या सायटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात त्यांचा समावेश झाला तो याच व्यापारामुळे. रानातून आलेला गेको बहुधा शुष्क, उपाशी आणि जंतांनी भरलेला असतो, त्यामुळे त्याच्या बाबतीत कुणी गाफील राहत नाही. गाफील राहतात ते पैदाशीच्या प्राण्याबाबत. ‘घरच्या पैदाशीचा आहे, म्हणजे निरोगी आहे’ हे विक्रेत्याकडून हमखास ऐकू येणारं वाक्य. पण गेको पाळणाऱ्यांना सर्वांत जास्त रडवणारा रोग रानातल्यापेक्षा रॅकवर ओळीने लावलेल्या डब्यांतच अधिक फोफावतो.

त्या रोगाकडे वळण्याआधी पहिला दिवस पाहू, कारण निम्म्या चुका तिथेच होतात. गेकोच्या शरीराला स्वतःची ऊब नाही. अन्न पचायला, रोगाशी झुंजायला, जखम भरायला त्याला बाहेरून उष्णता घ्यावी लागते. प्रवासात तासन्तास थंडाव्यात राहिलेल्या गेकोला घरी आल्या आल्या आळ्या खाऊ घातल्या तर त्या पोटात न पचता पडून राहतात आणि मग उलटून पडतात. म्हणून आधी ऊब, मग पाणी आणि शेवटी अन्न, हा क्रम. लेपर्डच्या डब्यात एका टोकाचा पृष्ठभाग ३१ ते ३३ अंश सेल्सियस आणि दुसरं टोक २४ ते २६ अंश असावं. क्रेस्टेडला २२ ते २६ अंश मानवतं. २८च्या वर फार वेळ गेला की तो धापा टाकू लागतो. हे तापमान प्राणी यायच्या आधी दोन दिवस जुळवून, थर्मोस्टॅट लावून, मोजून पाहिलेलं असावं. भिंतीवर लावायचा गोल तापमापक हवेचं तापमान दाखवतो. गेकोचं पोट ज्या फरशीला टेकतं तिचं तापमान घ्यायला इन्फ्रारेड गन लागते.

पहिला आठवडा हात लावायचा नाही, हे जवळजवळ सगळे सांगतात आणि ते बरोबर आहे. घरातल्या मुलांना ते समजावून सांगणं कठीण जातं, तरी सांगावं. पाणी बदलायचं, विष्ठा उचलायची, अन्न ठेवायचं आणि झाकण लावायचं. काही जण डब्याच्या बाजूंना बाहेरून कागद चिकटवतात, म्हणजे खोलीतल्या हालचालीने प्राणी दचकत नाही. साधा उपाय आहे आणि उपयोगी आहे.

आता तो रोग. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एकपेशीय परजीवी आतड्याच्या आतल्या अस्तरात घर करतो. प्राग प्राणिसंग्रहालयातल्या एका घोरपडीत सापडलेल्या जातीला १९९५ मध्ये क्रिप्टोस्पोरिडियम व्हॅरनाय हे नाव मिळालं. १९९८ मध्ये सरड्यांमधल्या परजीवीला क्रिप्टोस्पोरिडियम सॉरोफिलम असं दुसरं नाव दिलं गेलं. दोन्ही एकच, हे २००८ मध्ये ठरलं आणि आधीचं नाव कायम राहिलं. जुन्या पुस्तकांत दुसरं नाव दिसलं तर गोंधळू नये. लेपर्ड गेकोमध्ये या रोगाचं रूप एकदा पाहिलं की विसरता येत नाही. प्राणी खातो, किंवा खाता खाता सोडून देतो, पण अंगाला काही लागत नाही. शेपटीतली चरबी आटत जाते आणि शेवटी कातडीखाली नुसते मणके उरतात. विष्ठा पातळ आणि दुर्गंधीची होते, कधी न पचलेला किडा जसाच्या तसा बाहेर पडतो. इंग्रजी बोलणारे पाळणारे याला ‘स्टिक टेल’ म्हणतात.

यातली खरी अडचण अशी की लागण झालेला प्रत्येक गेको आजारी दिसत नाही. काही जण महिनोन्महिने धडधाकट राहतात आणि अधूनमधून विष्ठेतून या परजीवीची अंडपुटं टाकत असतात. ‘अधूनमधून’ हा शब्द इथे फार महत्त्वाचा. आज तपासलेली विष्ठा साफ निघाली तर त्याचा अर्थ एवढाच की आजच्या विष्ठेत काही दिसलं नाही. अंडपूट चार-पाच मायक्रॉनचं, म्हणजे आपल्या रक्तातल्या लाल पेशीहूनही लहान. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ते सहज निसटतं. त्यासाठी विष्ठेच्या काचपट्टीला आम्लस्थायी रंग द्यावा लागतो किंवा पीसीआर चाचणी करावी लागते. पीसीआरलाही एक फट आहे. गेकोने खाल्लेल्या भक्ष्याच्या पोटातला दुसऱ्याच जातीचा क्रिप्टोस्पोरिडियम नुसता आतड्यातून जात असेल तरी चाचणी होकारार्थी येऊ शकते. म्हणून नुसतं ‘आहे’ या उत्तरावर थांबू नये. जात कोणती, तेही प्रयोगशाळेला विचारावं.

औषधाच्या बाबतीत आजवरचा अनुभव निराशाजनक आहे. पॅरोमोमायसिनने विष्ठेतून पडणारी अंडपुटं कमी होतात, प्राणी सुधारतोही, पण औषध थांबवल्यावर रोग उलटल्याची उदाहरणं आहेत. रोग समूळ गेला अशी खात्री कुणी देऊ शकत नाही. त्यामुळे सगळा भर तो घरात शिरू न देण्यावर येतो. त्यातही नेहमीची जंतुनाशकं कुचकामी. ब्लीचने या अंडपुटांचं काही बिघडत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिल्वॉकी शहरात याच कुळातल्या परजीवीमुळे पिण्याचं पाणी दूषित झालं आणि सुमारे ४ लाख माणसं आजारी पडली. पाण्यात क्लोरीन असूनही हे घडलं. अंडपुटं मरतात ती उष्णतेने, पूर्ण कोरडेपणाने, अमोनियाने आणि पुरेशा तीव्रतेच्या हायड्रोजन पेरॉक्साइडने. अमोनिया आणि ब्लीच मात्र कधीही एकत्र करू नयेत, त्यातून विषारी वायू निघतो. घरगुती उपाय सरळ आहे. विलगीकरणात फेकून देण्याजोग्या वस्तू वापराव्यात. लपायला पुठ्ठ्याचा खोका किंवा दह्याचा रिकामा डबा, खाली टिश्यू पेपर, चिमटा वेगळा. शंका आली की सगळं कचऱ्यात. महागड्या खोट्या दगडाच्या गुहेवर जीव जडलेला असला की ती टाकवत नाही, आणि लाकडासारख्या भेगाळ वस्तूंची तर खात्रीने सफाई होतच नाही.

बाकीच्या परजीवींना मी इतकी जागा देणार नाही. सूत्रकृमी, ज्यांना पाळणारे पिनवर्म म्हणतात, ते पैदाशीच्या गेकोतही आढळतात. थोडे असले तर पुष्कळ पशुवैद्य त्यांच्या वाटेला जात नाहीत. वजन घटत असेल किंवा संख्या फार असेल तर फेनबेन्डाझोल देतात. कॉक्सिडिया लहान पिल्लांना जास्त छळतात आणि त्यांच्यावर चालणारी औषधं आहेत. माइट बोटांच्या बेचक्यात आणि डोळ्यांभोवती शोधावेत. लेपर्ड आणि फॅट-टेल गेकोंमध्ये अ‍ॅडिनोव्हायरसही सापडले आहेत. एक वाद मात्र नोंदवायला हवा. काही ब्रीडर नवा प्राणी आला की तपासणी न करताच जंताचं औषध पाजतात, ‘कशाला विषाची परीक्षा’ म्हणून. मला हे पटत नाही. प्रवासाने सुकलेल्या, न खाणाऱ्या प्राण्याच्या यकृत-मूत्रपिंडावर औषधाचा भार पडतो, आणि ज्याची खरी भीती त्या क्रिप्टोवर या औषधाचा काही परिणाम नाही. आधी प्राणी पाणी पिऊ दे, खाऊ दे. मग विष्ठा तपासून, ग्रॅमात वजन मोजून मात्रा पशुवैद्याने ठरवावी.

विलगीकरण किती दिवसांचं, यावर कोणतेही दोन पाळणारे एकमताने बोलत नाहीत. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांची संघटना किमान ३० दिवस सांगते. खासगी पाळणाऱ्यांत ६० आणि ९० हे आकडे रूढ आहेत, रानातल्या प्राण्याला सहा महिने ठेवणारेही आहेत. संग्रहालयांच्या नियमातला एक भाग घरगुती लिखाणात क्वचित दिसतो, पण तो आकड्याहून मोलाचा आहे. विलगीकरणाच्या खोलीत त्याच गणातला आणखी एक प्राणी आला तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करायची. घरी नेमकं याच्या उलट होतं. एक गेको डब्यात विसावा दिवस काढत असतो, तेवढ्यात प्रदर्शनातून दुसरा येतो, त्याच खोलीत त्याच टेबलावर बसतो, आणि पहिला आपल्या जुन्या हिशेबाने मोकळा होतो.

माझ्या मते नव्वद दिवस ही मर्यादा ठीक आहे, पण सुटका नुसत्या तारखेवर होऊ नये. वजन वाढत आहे किंवा निदान स्थिर आहे, कमीत कमी एक कात नीट निघाली आहे, आणि काही आठवड्यांच्या अंतराने घेतलेले तीन नमुने साफ आहेत. या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच दार उघडावं. पहिला नमुना मात्र अगदी पहिल्या दिवसाचा घेऊ नये असं म्हणणारे आहेत. मी म्हणेन, घ्यावा. गेको तसाही विष्ठा टाकणारच असतो आणि ती उचलायला त्याला हात लावावा लागत नाही.

इथे डब्याचा प्रश्न पुन्हा येतो. ‘मोकळा डबा’ म्हणजे काय, यावर बराच गैरसमज आहे. मोकळा म्हणजे सहज साफ होणारा आणि विष्ठा लगेच दिसेल असा. लपायला जागा नसलेला, चारी बाजूंनी उघडा असा त्याचा अर्थ नाही. लेपर्डला गरम टोकाला एक आडोसा, गार टोकाला दुसरा, आणि मधे एक ओलसर डबी: झाकणाला भोक पाडलेला छोटा डबा, आत भिजवून पिळलेला टिश्यू. गरम टोकाला लपता आलं नाही तर भित्रा गेको गारव्यातच दडून बसतो, अन्न पचत नाही, तो खाणं सोडतो, आणि आपल्याला तो आजारी वाटू लागतो. आजार नव्हताच, आडोसा कमी होता. क्रेस्टेडला खालचा आडोसा पुरत नाही. त्याला उंच डबा, तिरक्या काठ्या आणि प्लॅस्टिकची पानं लागतात, ती धुता येतात. २०१६ मध्ये लेपर्ड गेकोंवर झालेल्या एका अभ्यासात, डब्यात वेगवेगळ्या तापमानाच्या जागा आणि अन्न शोधून मिळवण्याची सोय दिल्यावर ते त्यांचा भरपूर वापर करतात असं दिसलं होतं. ‘सरपटणाऱ्या प्राण्याला काय कळतं’ म्हणून रिकामा डबा देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

वजन करताना गेकोला मुठीत धरू नये. हलक्या डबीचं वजन शून्य करून घ्यायचं, डबी त्याच्यापुढे आडवी धरायची, मागून बोटाने हळूच स्पर्श करायचा. तो स्वतःहून आत शिरतो. झाकण, काटा, नोंद, आणि तशीच डबी परत आडवी. अर्ध्या मिनिटाचं काम. काटा एका ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत मोजणारा हवा, कारण नुकतं जन्मलेलं लेपर्डचं पिल्लू जेमतेम तीन ग्रॅमचं असतं आणि त्यात अर्ध्या ग्रॅमची घट म्हणजे मोठी गोष्ट. आठवड्यातून एकदा, ठरावीक वारी, खाण्याआधी वजन करावं. सुरुवातीच्या वजनाच्या दहा टक्के घट झाली की पशुवैद्याकडे जायचं, हा पाळणाऱ्यांत रूढ असलेला हिशेब मला योग्य वाटतो. पिल्लांच्या बाबतीत तेवढीही वाट पाहू नये.

विष्ठा वाचणं हे त्याहून कसबाचं. लेपर्ड गेको बहुधा डब्याचा एकच कोपरा धरतो, त्यामुळे शोधावं लागत नाही. निरोगी विष्ठेचे दोन भाग असतात: गडद तपकिरी, घट्ट, लांबट लेंडी आणि तिला चिकटलेला पांढरा युरेटचा खडा. पांढरा भाग पिवळट झाला की पाणी कमी पडतं आहे. तपकिरी भाग पातळ होऊन कागदावर पसरला, त्याभोवती ओला डाग पडला, त्यात किड्याचे पाय-पंख अख्खे दिसले, तर शंकेची पाल चुकचुकायलाच हवी. एखाद्या दिवशी असं झालं तर प्रवासाचा परिणाम असू शकतो. आठवडाभर टिकलं तर नमुना घट्ट झाकणाच्या डबीत, सुकू न देता, त्याच दिवशी पोचवावा.

कात टाकण्यापूर्वी गेको फिका, दुधाळ दिसतो आणि खाणं कमी करतो. निघालेली कात तो बहुधा स्वतःच खाऊन टाकतो, म्हणून ती दिसली नाही तर काळजी नको. पाहायचं ते बोटांच्या टोकांकडे. तिथे राहिलेल्या कातेची कडी सुकत जाते, रक्त अडतं आणि बोट काळं पडून गळतं. नव्या घरी आलेल्या, नीट पाणी न प्यालेल्या प्राण्यात हे पहिल्याच कातेला होतं. कोमट पाण्यात पाय बुडतील एवढंच बसवून ओल्या कापसाच्या बोळ्याने कडी हळूहळू सोडवावी. ओढून काढू नये.

न खाण्याबद्दल थोडं. जाड शेपटीचा प्रौढ लेपर्ड दहा-पंधरा दिवस खाल्लं नाही म्हणून खंगत नाही. त्याला शेपटीतली चरबी पुरते. पिल्लाकडे तेवढा साठा नसतो. आधीच्या मालकाने काय खाऊ घातलं, कोणत्या वेळी, चिमट्याने की वाटीत, हे विचारून पहिले काही आठवडे तेच करावं. आपल्या आवडीचा उत्तम आहार नंतर. जबरदस्तीने तोंड उघडून भरवणं हा पशुवैद्याचा शेवटचा उपाय आहे, घरच्यांचा पहिला नव्हे. आणि रात्री न खाल्लेले रातकिडे डब्यात सोडून ठेवू नयेत, ते झोपलेल्या गेकोला चावतात. ते उचलून दुसऱ्या गेकोला घालणं म्हणजे विलगीकरण स्वतःच्या हाताने मोडणं. रातकिडे आणि झुरळं परजीवीची अंडपुटं एका डब्यातून दुसऱ्यात वाहून नेतात. उरलेला किडा मारावा आणि टाकावा. जुन्या प्राण्यांचं सगळं आवरून झाल्यावर नव्याकडे यावं, मग हात धुवावेत, आणि त्या दिवशी परत जुन्यांकडे जाऊ नये.

महाराष्ट्रातल्या घरात हे नियम पाळताना काही गोष्टी वेगळ्या घडतात, आणि परदेशी लिखाणात त्या सापडत नाहीत. आपल्या भिंतींवर घरपाली असतात, ओट्याखाली झुरळं असतात. वेगळी खोली केली तरी झुरळ दाराखालून जातं-येतं. म्हणून डब्याच्या जाळीची भोकं बारीक हवीत आणि विष्ठा रोजच्या रोज उचलली गेली पाहिजे. पेस्ट कंट्रोल करायचं असेल तर गेको काही दिवस दुसऱ्या घरी हलवावा, आणि घरात पकडलेला किडा त्याला कधीच घालू नये, त्याच्या अंगावर विष असू शकतं. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५च्या पुढे जातो. अशा वेळी क्रेस्टेड गेको विकत घेणंच चूक आहे. एसी चोवीस तास चालेल आणि वीज गेली तर पर्याय असेल, एवढी तयारी असेल तरच हा प्राणी आणावा, आणि तोही पावसाळा सरल्यावर. मुंबई-कोकणात लेपर्डची अडचण वेगळी. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत बंद डब्यात बुरशी धरते, टिश्यू सतत ओला राहतो. तिथे हवा खेळती ठेवणं आणि कागद दिवसातून दोनदा बदलणं गरजेचं होतं.

सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे पशुवैद्य मुंबई-पुण्याबाहेर शोधावे लागतात. पण विष्ठेची प्राथमिक तपासणी सूक्ष्मदर्शक असलेल्या कोणत्याही पशुवैद्याकडे होऊ शकते. क्रिप्टोसाठी लागणारा आम्लस्थायी रंग ही झील-नील्सन पद्धतीचीच सुधारित आवृत्ती आहे, आणि क्षयाच्या थुंकी-तपासणीमुळे ती पद्धत आपल्या तालुक्या-तालुक्यात माहीत आहे. काय शोधायचं आहे ते लिहून द्यावं लागतं, एवढंच.

कायद्याचं भान प्राणी आणण्याआधीच हवं. आपल्या रानातला गेको पकडून पाळू नये. महाराष्ट्राच्या कोरड्या जंगलांत लेपर्ड गेकोचा भाऊबंद युब्लेफॅरिस फस्कस राहतो. विषारी समजून लोक त्याला मारतात, आणि आता पाळण्यासाठी पकडणारेही निघाले तर त्याचं कठीण आहे. तो विषारी नाही, कोणताच गेको नसतो. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, सायटिसच्या यादीतले परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना त्यांची नोंदणी करावी लागते. त्याचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाले आणि नोंदणी परिवेश पोर्टलवर होते. मादागास्करचे हिरवे डे गेको किंवा पानासारख्या शेपटीचे युरोप्लेटस विकत घ्यायचे तर विक्रेत्याकडे ही कागदपत्रं मागावीत. कागद नसलेला प्राणी बहुधा चोरट्या वाटेने, कोंबलेल्या खोक्यातून आलेला असतो. वर सांगितलेल्या सगळ्या रोगांना याहून सोयीची जागा नाही.

घरातल्या माणसांसाठी धोका आहे तो साल्मोनेलाचा. निरोगी दिसणाऱ्या गेकोच्या आतड्यातही हे जिवाणू असू शकतात. २०१५ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने पाळीव क्रेस्टेड गेकोंमुळे अनेक राज्यांत पसरलेल्या साल्मोनेलाच्या साथीचा तपास केला होता. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बायका, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी नव्या गेकोपासून लांब राहावं. डबे, पाण्याच्या वाट्या स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुवू नयेत. विलगीकरण संपलं तरी हा नियम संपत नाही.

नव्वद दिवसांत न दिसणाऱ्या गोष्टीही आहेत. ‘एनिग्मा’ नावाच्या रंगप्रकारातले लेपर्ड गेको तोल जाऊन गोल-गोल फिरतात, मान वर करून बसतात. ताणात ते जास्त दिसतं आणि नवखा पाळणारा ते विषबाधा समजतो. ‘लेमन फ्रॉस्ट’ या पिवळ्याधमक प्रकारात त्वचेच्या पांढऱ्या रंगपेशींचे अर्बुद होतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या संशोधकांनी २०२१ मध्ये त्याचा संबंध एका जनुकाशी जोडला. हा वारसा आहे, संसर्ग नाही, आणि कोणतंही विलगीकरण त्याला अडवत नाही. तिथे खरेदीच्या वेळचा नकार हाच उपाय.

सगळ्यात अवघड प्रश्न, क्रिप्टो निघालाच तर? पैदास करणारे बहुतेक जण अशा प्राण्याला दयामरण देतात, कारण त्यांच्याकडे बाकीचे अनेक जीव असतात. घरी एकच गेको असेल, तो खात असेल, वजन राखत असेल, तर त्याला मरेपर्यंत एकट्याने, स्वतःच्या भांड्यांनिशी सांभाळता येतं, आणि मग दुसरा गेको त्या घरात आणायचा नाही. दोन्ही निर्णय मला मान्य आहेत. मान्य नाही ते तिसरं, जे सर्रास घडतं: निकाल लपवून प्राणी स्वस्तात विकून टाकणं. विक्रेत्यालाही निकाल कळवावा, मग तो कितीही चिडो. त्याच्या रॅकवर त्याच खेपेतले आणखी गेको बसलेले असतात.

सगळं साफ निघालं तर कायमच्या घरात हलवताना पुन्हा पहिल्या दिवसासारखं वागावं लागतं. विलगीकरणातल्या डब्यातला एक आडोसा सोबत द्यावा, तापमान तेच ठेवावं, माती किंवा काठ्या यांच्यात त्याच्या ओळखीचा वास असू द्यावा. नव्या घरी पहिले चार-पाच दिवस तो पुन्हा दडून बसेल, एखादं जेवण चुकवेल. वजनाची वही बंद करू नये, फक्त आठवड्याऐवजी महिन्याने नोंद करावी. पुढे कधी पशुवैद्याकडे जायची वेळ आली तर तो आधी तीच वही मागेल.